कायतानच्या डोक्यावरचा तारा

"ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो," मी म्हणालो.

"तुमची कुठली वाटली होती, आजोबा?" जेसिंता म्हणाली.

जेसिंता ही माझ्या थोरल्या बहिणीची, नाताळीनची नात. कोर्टात वकिली करते, त्यामुळे घरातल्या माणसांकडेही ती साक्षीदाराकडे बघावं तशी बघते. तीन राजांचा सण होता, नाताळानंतर बारा दिवसांनी येतो तो. जेवणं उरकली होती आणि आम्ही तिघंच ओटीवर बसलो होतो. नाताळीन सुपात वालाच्या शेंगा घेऊन सोलत होती. माझ्या गोष्टीला ती कधी हं म्हणत नाही आणि उंहूही म्हणत नाही. अठ्ठावन्न वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, अठ्ठावन्न वर्षं ती शेंगा सोलतेय. जेसिंताच्या वाट्याला मात्र ही कधी आली नव्हती.

"मगरीच्या पाठीवर बसून तुम्ही खाडी पार केली होती, तशीच ना ही?" जेसिंतानं विचारलं.

"मगरीचं वेगळं. जाताना बसलो होतो, येताना चालत आलो. म्हणजे ती गोष्ट अर्धीच खोटी. ही मात्र पूर्ण खरी आहे. म्हणून तर पटायची नाही."

"सांगा. मी ऐकतेय."

ती ऐकतेय म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो आणि सुरुवात केली.

ज्या वर्षी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, लॅटिन सोडून मराठीत आली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी वीस वर्षांचा, नाताळीन बावीसची. आई नव्हती. आमचे बा, इनास, यांचा गावात सगळ्यात देखणा पानमळा. वेलींना वाईट वाटू नये म्हणून बा भर दुपारी मळ्यात जाताना स्वतः छत्री मिटून घेत. मी विचारलं, बा, छत्री मिटता कशाला? तर म्हणाले, वेलींना वाटेल, आपल्यापेक्षा हा जास्त नाजूक.

नाताळीनचं लग्न कायतानच्या मुलाशी, मिंगेलशी ठरलं होतं. कायतानचं मिठागर होतं. माणूस अबोल. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून त्याचे पाय घोट्यापर्यंत पांढरे पडले होते आणि टाचांना एवढ्या भेगा होत्या की पावसाळ्यात त्यात बेडूक राहायचे.

"आजोबा."

"बरं, बेडूक नव्हते. भेगा होत्या."

साखरपुड्याच्या पंगतीत बा गमतीनं बोलून गेले, "कायतान, माझी पोर पानाच्या सावलीत वाढलीय. तुझ्याकडं उन्हात सुकवून गोणीत भरू नकोस." सगळे हसले. कायतान हसला नाही. त्यानं पानातला घास तसाच ठेवला आणि पाणी प्यायला.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आमच्या मळ्यातल्या वेली पिवळ्या पडू लागल्या. आधी विहिरीकडचा कोपरा, मग मधल्या ओळी. पानांच्या कडा करपायच्या, मग देठातून गळायची. बा रोज सकाळी मळ्यात जाऊन एकेका पानाला हात लावून यायचे, घरी आजारी माणूस असल्यासारखे. एके दिवशी ते एका वेलीच्या बुडाशी उकिडवे बसले, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

मी मागे उभा होतो. त्यांची पाठ मला अजून दिसते.

"मीठ," ते म्हणाले. थुंकलेसुद्धा नाहीत. "पास्कू, कोणीतरी माझ्या वेलींना मीठ घातलंय."

आमच्या गावात मीठ म्हटलं की एकाच माणसाचं नाव यायचं.

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही, पण मी सांगणार. कुंपणाच्या काटेरी फांदीला गोणपाटाचा एक धागा मिळाला. गोणपाट घरोघरी होतं, पण तो धागा कायतानचाच, असं ठरलं. कोणाला पाटाच्या कडेला पांढरी पावलं दिसली. कोणी म्हणालं, कायतानची बैलगाडी सांजेला इकडून गेली होती. ती रोजच जायची, रस्ता एकच होता. पण इतकी वर्षं जाणारी गाडी आता 'इकडून गेली होती' अशी झाली. विहिरीवर बायका त्याच्या घरच्या घागरीशेजारी आपली घागर टेकवीनात. कायतान चर्चमध्ये बसला की आजूबाजूची माणसं सरकायची. सरकायची म्हणजे उठून जायची नाहीत, फक्त चटई झटकायचं निमित्त करून दोन हात पलीकडे अंथरायची.

कायताननं एका शब्दानं खुलासा केला नाही. हेसुद्धा त्याच्याविरुद्धच गेलं.

आता लग्नाचं ऐका. आमच्यात लग्नाची घोषणा तीनदा चर्चमध्ये वाचतात. अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी, कोणाला हरकत असेल त्यानं सांगावं. दोनदा वाचून झाली होती. बा तेव्हा गप्प बसले, कारण माती चाखली ती दुसऱ्या घोषणेनंतर. तिसरी वाचायची होती तीन राजांच्या सणाला, पहाटेच्या मिस्सेत. आदल्या संध्याकाळी बांनी जेवताना जाहीर केलं, "उद्या मी उभा राहणार. भर चर्चमध्ये सांगणार की ज्यानं माझ्या वेली मारल्या, त्याच्या घरात माझी पोर जाणार नाही."

नाताळीन भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. फक्त म्हणाली, "बा, तुम्ही पाहिलंत का त्यांना?"

"माती चाखलीय मी."

"मातीनं नाव सांगितलं?"

बांनी ताट सरकवलं. नाताळीननं भाकरी उलटली. मला मात्र घास गिळवेना, आणि याचं कारण कालवण नव्हतं.

"कारण काय होतं?" जेसिंतानं विचारलं.

"तेच येतंय. घाई करू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आम्ही चर्चला निघालो. बा पुढं कंदील घेऊन, ताठ. आम्ही दोघं बरेच मागे. चंद्र नव्हता. वरती आभाळभर चांदणं खच्चून भरलेलं, पूर्वेला शुक्र एवढा मोठा की कोणी टांगून ठेवलाय असं वाटावं. कंदिलाचा उजेड पुढं निघून गेला तसं मला कळलं की चांदण्यांतही वाट दिसते. फक्त वाटच दिसते. शेजारी नाताळीन चालत होती, पण तिचं तोंड दिसत नव्हतं. मला ते बरंच वाटलं.

"पास्कू," ती म्हणाली, "खताच्या टोपल्या तू धुतल्यास का?"

"कुठल्या टोपल्या?"

"साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी बांनी तुला कोळीवाड्यात पाठवलं होतं. वेलींना कुजलेली मासळी आणायला. त्या टोपल्या."

"धुतल्या असतील. का?"

"मी काल वाल भरायला एक काढली. विणीत पांढरं बसलं होतं. मी चाटून बघितलं."

बापलेकींची एकच खोड. दिसेल ते चाटायचं.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्या दिवशी कोळीवाड्यात एक लग्न होतं आणि बँड आला होता. मी नाचलो. एवढा नाचलो की नवरदेवाच्या आईनं मला दोनदा वाढलं, मी कोण हे न विचारता. दुपारी शुद्धीवर आलो तेव्हा कुजवलेली मासळी दुसरेच भरून घेऊन गेले होते. रिकाम्या हातानं घरी जायची सोय नव्हती. एका म्हाताऱ्या कोळ्याच्या दारात मासळी खारवायची पिंपं होती, त्यांच्या तळाचा गाळ तो बाहेर फेकत होता. मी म्हटलं, हा देता का? तो म्हणाला, "ने बाबा, पण कशाला?" मी म्हटलं, खताला. तो हसला. का हसला हे मी विचारलं नाही. बारा टोपल्या भरल्या आणि अंधार पडायच्या आत वेलींच्या बुडाशी पसरून मातीनं झाकूनही टाकल्या. वास तोच होता, रंग तोच होता. बांनी लांबून बघून "शाबास" म्हटलं.

"म्हणजे मीठ तुम्ही घातलं होतं!" जेसिंता म्हणाली.

"मीठ आपोआप गेलं. मी फक्त टोपल्या उलट्या केल्या."

"आणि इतके दिवस गप्प बसलात?"

"बाय, तू माझ्या बांना पाहिलेलं नाहीस."

तर त्या पहाटे नाताळीन मला म्हणाली, "पास्कू, मी काही बोलणार नाही. माझं लग्न मी तुझी चहाडी करून वाचवणार नाही. पण मिस्सा संपायच्या आत तू बोल."

"आणि नाही बोललो तर?"

"तर मी आयुष्यभर बांच्या भाकऱ्या थापीन. आणि तुझ्यासुद्धा."

एवढं बोलून तिनं पाय उचलला.

आता ताऱ्याचं सांगतो. आमच्या चर्चमध्ये तीन राजांच्या पहाटे तारा चालवायची रीत होती. वेदीशेजारी नाताळचा गोठा मांडलेला, त्यात बाळ येशू आणि तीन राजांच्या मूर्ती. मागच्या बाजूला, दारावर, गायकांचा जुना माळा. गायक आता खालीच, वेदीशेजारी गायचे, वर कोणी नसायचं. माळ्यावरून गोठ्यापर्यंत एक तार ताणलेली, माळ्याकडे उंच, गोठ्याकडे उतरती. तारेवर विहिरीची छोटी कप्पी, आणि कप्पीला टांगलेला तारा. तो मी केला होता. रॉकेलचा डबा कापून पाच टोकं काढली, खिळ्यानं भोकं पाडली, आत तेलाचा दिवा. भोकं एक हजार होती.

"मोजली होती?"

"दोनशे असतील. पण उजेड हजाराचा पडायचा."

ताऱ्याला मागून एक सुती दोरी. ती माळ्यावरच्या माणसानं धरायची आणि हळूहळू सैल सोडायची. सैल सोडली की तारा स्वतःच्या वजनानं उतरत गोठ्याकडे जाणार, धरली की थांबणार. हात सुटला तर एका दमात सर्रकन गोठ्यावर जाऊन आदळणार. एका वर्षी असाच आदळला होता आणि एका राजाची मान उडाली होती. त्या वर्षी दोरी माझ्या हातात होती, म्हणून लोक मला ओळखतात. तरीसुद्धा हे काम पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच आलं, कारण त्या अरुंद जिन्यानं वर चढायला दुसरं कोणी तयार नसायचं.

पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, मधे वाट, वाटेवर तार. कायतान अगदी वाटेच्या कडेला बसला होता. त्याच्याभोवती दोन-दोन हात मोकळी फरशी. बा त्याच्या पुढं तीन ओळी, पाठ त्याच्याकडे. नाताळीन बायकांत, मागच्या बाजूला, तीही वाटेच्या कडेला.

फादर एलायस यांनी शुभवर्तमान वाचलं. पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे आपले तीन राजे, निघाले, तारा त्यांच्या पुढं चालला, आणि जिथं बाळ होतं त्या जागेवर येऊन थांबला. आजवर हे लॅटिनमध्ये झालेलं, त्यामुळे आम्हाला तारा थांबला एवढंच गोठ्याकडे बघून माहीत. मराठीत ऐकताना म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत होती, जणू गावातली बातमी वाचून दाखवताहेत.

मग फादर प्रवचनाला उभे राहिले. फादर एलायस ठेंगणे, आवाज बसलेला, त्यामुळे लोक त्यांचं ऐकायला पुढं वाकत. ते म्हणाले, "देवानं त्यांना सूर्य का नाही पाठवला? तारा का पाठवला? मी पुष्कळ विचार केला. दिवसाचा उजेड असता तर त्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली असती. कोणाचे कपडे मळके, कोणाचा उंट लंगडा. ताऱ्याच्या उजेडात शेजारचा चोर दिसत नाही, सावही दिसत नाही. शेजारी कोणी आहे एवढंच कळतं. आणि आपलं पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते दिसतं. देव तेवढाच उजेड देतो. जास्त दिला असता तर तो आपण दुसऱ्याच्या घरात डोकावायला वापरला असता."

एवढं सांगून ते बसले. प्रवचन ऐकून झाल्यावर निम्म्या चर्चनं वळून कायतानकडे पाहिलं.

मग दिवे विझवले. मेणबत्त्याही विझवल्या. चर्चमध्ये काळोख. मी ताऱ्यातला दिवा लावला आणि दोरी सैल केली.

पत्र्याच्या भोकांतून उजेडाचे ठिपके भिंतींवर, छतावर, माणसांच्या डोक्यांवर पसरले. कप्पी कुरकुरत निघाली. गायकांनी गाणं सुरू केलं. तारा बायका-पुरुषांच्या मधून सरकत चालला, आणि त्याच्याबरोबर ठिपके सगळ्यांच्या अंगावरून चालले. आणि वाटेच्या मधोमध, बरोबर कायतानच्या डोक्यावर, तारा थांबला.

गाणं दोन ओळी पुढं गेलं आणि तेही थांबलं.

कायतान मान खाली घालून बसला होता. त्याच्या टकलावर ठिपके थरथरत होते. त्याचे ते पांढरे पाय उजेडात आणखी पांढरे दिसत होते. कोणीतरी 'देवा' म्हणालं. मग कुजबूज उठली, कोरड्या पानांत काही सळसळावं तशी.

बा उठले. घोषणा अजून वाचायची होती, पण आता घोषणा कशाला? त्यांनी हात वर करून ताऱ्याकडे बोट दाखवलं.

"पाहिलंत?" त्यांचा आवाज फाटला होता. "मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. देवानं घेतलं! देवानं त्याच्यावर बोट ठेवलं!"

"खरंय!" मागून एक आवाज आला. "तारा खोटं बोलत नाही!"

आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूला कोणीतरी उभं राहिलं. चर्चमध्ये बाई उभी राहून बोलली, असं गावात त्याआधी झालं नव्हतं.

"बा," नाताळीन म्हणाली, "आत्ता फादरांनी काय वाचलं?"

"तू खाली बस!"

"तारा कुठं थांबला म्हणाले? त्या दुष्ट हेरोद राजाच्या वाड्यावर थांबला? चोर शोधायला आला होता तो? बाळ होतं तिथं थांबला म्हणाले." ती बसली नाही. "मग तो कायतानकाकांच्या डोक्यावर थांबला असेल, तर बाळ तिथं आहे. आपणच दोन हात लांब बसलोय."

फादर एलायस वेदीजवळून पुढं आले. मला वाटलं, आता तिला बोलतील. ते म्हणाले, "या पोरीनं मिस्सा ऐकली. बाकीच्यांनी काय केलं?"

आणि त्याच क्षणी मी बोललो.

"काय बोललात?" जेसिंतानं विचारलं. तिचा आवाज आता वकिलाचा नव्हता.

"मी म्हटलं, बा, मीठ मी घातलं. खारवणीचा गाळ होता. बारा टोपल्या. कायतानकाकांचा काही संबंध नाही."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. माझ्याकडे. आणि मी ते बोलून तोंड मिटतोय न मिटतोय तोच कप्पी कुरकुरली. तारा हलला. सावकाश, अगदी कोणी बोट धरून नेत असल्यासारखा, उरलेली तार उतरून गोठ्यावर गेला आणि थांबला. एकाही राजाची मान उडाली नाही.

बा माझ्याकडे बघत राहिले. ते काही बोलायच्या आत कायतान उठला. आयुष्यात तो चर्चमध्ये पहिल्यांदाच बोलला असेल. म्हणाला, "इनास, मळा जाईल म्हणून घाबरू नकोस. मीठ जमवतो मी, तसं ते काढायचंही मला ठाऊक आहे. चर खणू आणि गोडं पाणी सोडू, धुऊन जाईल. विहिरीची माझी पाळी आठ दिवस तू घे."

बा तीन ओळी मागं चालत आले, कायतानच्या शेजारच्या मोकळ्या फरशीवर चटई न अंथरताच बसले, आणि डोकं गुडघ्यांत घातलं. फादरांनी मेणबत्त्या लावायला सांगितल्या आणि तिसरी घोषणा वाचली. कोणाची हरकत होती का? होती. मिंगेलचा एक मामा म्हणाला, नवरीचा भाऊ लग्नाला आला तर जेवण त्याच्यापासून लांब ठेवा. पण ती हरकत धरली नाही.

मिस्सा सुटल्यावर पायऱ्यांवर बांनी मला एक ठेवून दिली. अजून थंडीत हा कान वाजतो. मग खांद्यावर हात टाकून मळ्यात घेऊन गेले, चर खणायला. निम्म्या वेली वाचल्या. निम्म्या गेल्या. नाताळीनचं लग्न जानेवारीच्या शेवटी झालं.

"आणि तारा?" मी जेसिंताला म्हणालो. "तारा कोणी थांबवला, हे अजून गावाला पटलेलं नाही. कोणी म्हणतं चमत्कार, कोणी म्हणतं तारेला गंज. पण तुला सांगतो. मी थांबवला. दोरी माझ्या हातात होती. फादरांचं प्रवचन ऐकतानाच माझ्या डोक्यात आलं की तारा कायतानवर थांबवला तर लोकांचे डोळे उघडतील. मग बोलण्याची वेळ आली तसं बोललो, आणि दोरी सोडली. म्हणतात ना लोक, पास्कू थापाड्या. पण या थापाड्यानं एक लग्न वाचवलं."

मी टेकून बसलो. गोष्ट इथं संपते आणि ऐकणारे इथं हसतात. जेसिंता हसली नाही.

"आजोबा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही बोललात तेव्हा लोकांच्या माना कुठं वळल्या म्हणालात?"

"दाराकडे."

"माळ्याकडे नाही? वर?"

"नाही. मी खाली आलो होतो ना. असलं काही माळ्यावरून ओरडून सांगायचं नसतं. दोन ढांगांत जिना उतरलो."

"म्हणजे तुम्ही दाराशी उभे होतात. मग दोरी कोणाच्या हातात होती? तुम्हीच सांगितलंत, हात सुटला की तारा सर्रकन खाली."

मी पोरीकडे कौतुकानं पाहिलं. फी घेते ती उगाच नाही.

"खिळ्याला बांधली होती," मी म्हटलं. "माळ्याच्या कठड्याला मोठा खिळा होता."

"बरं. बांधली होती. मग तुम्ही खाली दाराशी बोललात, आणि वर तारा चालायला लागला. गाठ कोणी सोडली?"

"गाठ..." मी म्हटलं. "गाठ मी सैलच..."

"खोटं."

हे जेसिंता नाही बोलली. नाताळीन बोलली. तिनं सूप बाजूला ठेवलं होतं. अठ्ठावन्न वर्षांत तिचे हात माझ्या गोष्टीत पहिल्यांदा रिकामे होते.

"खोटं बोलतोयस, पास्कू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खिळा नव्हता, गाठ नव्हती. आणि तू कबुली द्यायला खाली आला नव्हतास. तुझ्या बगलेत गाठोडं होतं. तुझा नवा सदरा त्यात होता, बाही बाहेर लोंबत होती. पहिल्या गाडीनं पळत होतास. मी मान वळवली आणि तुला दारात पाहिलं, एक पाय बाहेर."

"नाताळीन..."

"तू तारा सोडलास आणि दोरी टाकून निघालास. ती वरून आली आणि माझ्या खांद्यावर पडली."

जेसिंता पुढं वाकली. "मग तू धरलीस, आजी? तू थांबवलास?"

"मी हात लावला नाही. बा उठले होते. माझे दोन्ही हात पदराखाली घट्ट आवळलेले होते, सुटेनात. मी उभी राहिले, बोलले, तरी दोरी खांद्यावर होती. सैल. दुसऱ्या टोकाला कोणी नाही." तिनं आपल्या डाव्या खांद्याकडे पाहिलं, तिथं काहीतरी पडलेलं असावं तसं. "मग तू उंबऱ्यातून मागं फिरलास आणि बोललास. आणि ती माझ्या खांद्यावरून सरसरत निघून गेली."

ओटीखाली कोंबडी माती उकरत होती.

"इतकी वर्षं तू म्हणतोस, मी धरला, मी सोडला," नाताळीन म्हणाली. "म्हण. पण आज पोरीनं विचारलंय. सांग तिला, पास्कू. तारा कोणी धरला होता?"

मी तोंड उघडलं. गंज म्हणायचं होतं, वारा म्हणायचं होतं, मगर म्हटली असती तरी चाललं असतं.

मला खोटं सुचेना.